कच्चं धुणं

"मुलगी गुणी आहे हो. धुणं तेवढं कच्चं आहे तिचं."

सर फोनवर बोलत होते आणि मी दाराबाहेर चपला काढत होते. एक पाय चपलेत, एक गार फरशीवर. आत जावं की आल्या पावली जिना उतरावा, ते कळेना. पलीकडे कोण आहे हे मला ठाऊक होतं. पुण्यातल्या ज्या संस्थेत आमचे नमुने यंत्रावर तपासायला जात, तिथल्या मॅडम.

"नाही, नाही, तिच्यावर नका टाकू," सर म्हणाले. "शिकवलं मीच आहे. माझंच शिकवणं कच्चं असेल."

हे वाक्य पहिल्यापेक्षा जास्त लागलं. कुणी आपल्याला बोल लावला तर निदान रागावता तरी येतं.

कॉरिडॉर पुसणाऱ्या आक्कांनीही ऐकलं होतं. त्या फडकं पिळत म्हणाल्या, "ताई, तुमी हितं धुणं धुताय व्हय? आन् मी घरी सांगत्ये, आमच्या म्याडम लय मोठं संशोधन करत्यात."

मी हसले. कान तापले होते.

ते धुणं कपड्यांचं नव्हतं. समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगत जगणारे, एकाच पेशीचे काही जीव असतात. त्यांना फोरामिनिफेरा म्हणतात. रव्याच्या कणापेक्षाही लहान असा हा जीव स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधतो. तो मेला की कवच खाली तळाशी जातं आणि चिखलात थरावर थर साठत राहतात. कवच बांधताना पाण्यातलं थोडं मॅग्नेशियमही त्यात शिरतं. पाणी जितकं उबदार, तितकं ते जास्त. म्हणजे एखाद्या खोल थरातली कवचं काढून त्यांतलं मॅग्नेशियम मोजलं, तर त्या काळी अरबी समुद्र किती उबदार होता हे सांगता येतं. पण कवचाला चिखलाचा एवढासा कण चिकटून राहिला तर त्यातलं मॅग्नेशियमही मोजणीत येतं आणि समुद्र उगाच तापतो. म्हणून ती कवचं दोन काचांमध्ये हलकेच फोडायची आणि इवल्याशा नळ्यांमध्ये धुवायची. पाण्याने, स्पिरिटने, पुन्हा पाण्याने, मग गरम पेरॉक्साइडने, शेवटी अगदी पातळ ॲसिडने. हे धुणं माझ्याकडे होतं. आणि आमच्या पहिल्या दोन्ही खेपांमध्ये समुद्र भलताच तापला होता.

"एवढ्या पाण्यात मासे शिजून वर आले असते," सर आकडे बघून म्हणाले होते. तेव्हाही ते माझ्याकडे बघून नाही, खिडकीकडे बघून म्हणाले होते.

सर राहायला सांगलीला. रोज सकाळच्या गाडीने कराडला यायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कॉलेजने वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांच्याकडे राहू दिली होती. समुद्रापासून इतक्या लांब, उसाच्या रानात, कृष्णेच्या काठावर बसून हा माणूस समुद्राचा ताप बघतो याचं गावात सगळ्यांना हसू यायचं. रिक्षावाले त्यांना 'शिंपलेवाले सर' म्हणायचे. सर रिक्षात बसल्या बसल्या दुरुस्ती करायचे, "शिंपले नव्हेत हो. शिंपल्यात मांस असतं, हे त्याहून साधे." रिक्षावाला म्हणायचा, "बरं सर," आणि पुढच्या वेळी पुन्हा 'शिंपलेवाले'.

त्यांच्या मनगटावर घड्याळ नसायचं, कारण धातू. बोटात अंगठी नसायची, कारण तेच. लग्नातली अंगठी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, स्वतःच्या मंगळसूत्रात ओवून टाकली होती. "यांच्या हाताला सोनं चालत नाही, माझ्या गळ्याला यांचं सगळं चालतं," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

प्रबंधासाठी त्यांच्याकडे आले त्या पहिल्या दिवशी मी खोलीच्या दारात उभी राहून "मे आय कम इन, सर?" म्हटलं. सरांनी वर बघितलं, थोडं वास घेतल्यासारखं केलं आणि विचारलं, "तोंडाला काय लावलंयस?"

"पावडर, सर."

"शंखजिरं असतं ते. शंखजिरं म्हणजे मॅग्नेशियम. तुझ्या एका गालावर माझा अख्खा समुद्र आहे. जा, धुऊन ये. आधी धुवायचं, मग बोलायचं."

कॉरिडॉरच्या टोकाला बेसिन होतं. तासाची घंटा झालेली, मुलं वर्गांतून बाहेर पडत होती, आणि मी साबण लावून तोंड धूत होते. टॉवेल धरून आक्का उभ्या. "घासा ताई, नीट घासा. मागल्या वर्सी एकीचं कुंकूबी काढाय लावलं हुतं सरांनी. नवी नवरी हुती. रडली बिचारी." त्या दिवसापासून मी पावडर सोडली. साताऱ्याला घरी गेले की आई म्हणायची, "किती काळवंडलीस." मी म्हणायचे, सर ओरडतात. आईला ते कधी नीट कळलं नाही.

त्यांचे नियम असे ऐकूनच शिकावे लागायचे. उदबत्ती बंद. खडू बंद. हंगामात कारखान्यांचे बॉयलर पेटले की कराडवर काळी काजळी उतरते, दोरीवरच्या कपड्यांवर, गाड्यांच्या काचांवर. तेव्हा सर खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबायचे आणि आम्ही आत उकडत बसायचो. खंडेनवमीला सगळ्या कॉलेजात यंत्रांची पूजा होते, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. सरांनी मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावू देणं शक्यच नव्हतं. पण पूजा चुकवणंही त्यांना जमत नसे. मग मायक्रोस्कोपचा रिकामा लाकडी खोका कॉरिडॉरमध्ये पाटावर ठेवायचा, त्याला हार, त्याला कुंकू, त्यालाच नैवेद्य. सर सोवळं नेसून हात जोडायचे. जाणारी-येणारी मुलं थबकून बघायची. त्यांच्या शेजारी हात जोडून उभं राहताना मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं. माझ्या वर्गातल्या मुली दुसऱ्या विभागात होत्या, त्यांच्या यंत्रांना साधं कुंकू लागायचं.

सरांच्या खोलीत इंग्रजी चालायचं नाही. शास्त्रातला शब्द इंग्रजी असला तर असू दे, पण वाक्य मराठी हवं. वडील सैन्यात होते. मी लहानपणी कॅन्टोनमेंटमध्ये वाढले, पुढे साताऱ्याला आलो तरी शाळा इंग्रजीच राहिली. मराठी घरातली यायची, आकडे यायचे नाहीत. सर नळ्यांचे क्रमांक वाचायचे, मी लिहायचे. "एकोणसाठ," सर म्हणाले की माझा पेन थांबायचा. एकोणसाठ म्हणजे साठाच्या पुढचं की मागचं? मी बोटांवर मोजायचे, टेबलाखाली. एकदा चुकून एकोणसत्तर लिहिलं. दारात पोतेरं घेऊन उभ्या असलेल्या आक्का हसल्या, "आवं ताई, साठाला येक कमी! येवडं बी न्हाई शिकवलं व्हय इंग्लिस शाळंत?" सर हसले नाहीत. त्यांनी फक्त पुढचे आकडे सावकाश, एकेक सुटं करून वाचायला सुरुवात केली: पाच, नऊ. सहा, शून्य. मला हसले असते तर बरं वाटलं असतं.

पण शिकवायचे मात्र जीव ओतून. एकदा त्यांच्याकडे शिकणाऱ्या आम्हा मुलींना कराडबाहेरच्या एका गुऱ्हाळावर घेऊन गेले. कढईतला रस उकळत होता. सरांनी वाफ्यात, म्हणजे बाजूच्या उथळ खड्ड्यात, गार होणाऱ्या गुळाचा तुकडा घेतला, चाखला, उजेडात धरला, पुन्हा चाखला. गुळव्या बघत होता. म्हणाला, "आवं सर, तुमी गूळ खाताय का पंचनामा करताय?"

सर आमच्याकडे वळले. "हे बघा. ऊस एकाच रानातला. पण पाणी मचूळ असलं तर गूळ खारट होतो. जाळ वाढला तर काळा. चुना जास्त पडला तर रंग निराळा. आता मला कुणी नुसती ढेप आणून दिली आणि विचारलं, जाळ किती होता? तर मी लगेच सांगू? आधी पाण्याचं विचारीन. चुन्याचं विचारीन. गुळव्याला कुठं दुखतंखुपतं का तेही विचारीन. मग जाळाचं."

"मला कशाला मधी घेताय?" गुळव्या म्हणाला.

"तुझ्या हाताशिवाय गूळ होतो का?"

आमच्या कवचांचंही तसंच होतं. मॅग्नेशियम वाढलं म्हणून समुद्र तापला असं झटक्यात म्हणता येत नाही. पाणी जास्त खारं झालं तरी ते वाढतं. पाण्याची आम्लता वाढली तरी वाढतं. आणि कवच तळाशी जाऊन विरघळायला लागलं की उलट कमी होतं. सर म्हणायचे, आकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याला कुणी पढवलंय का, ते आधी बघा.

तरुणपणी सर एकदाच समुद्रावर गेले होते, संशोधनाच्या जहाजावरून. सगळी सफर त्यांनी उलट्या करण्यात घालवली. डेकवर आडवं पडूनच त्यांनी तळाचा चिखल वर येताना बघितला. "मी समुद्राला पोट दिलं, त्याने मला चिखल दिला," हे त्यांचं आवडतं वाक्य. तेव्हापासून त्यांच्या पोटात आम्लपित्त होतं आणि शर्टाच्या खिशात पांढऱ्या, पुदिन्याच्या वासाच्या गोळ्या. लोक बडीशेप देतात तशा ते त्या देत. गाडीतल्या तिकीट तपासनिसाला, प्राचार्यांना, आक्कांना. स्वतः तर सारख्या चघळत. खोलीत खायला बंदी होती, पण गोळी त्यात मोडत नसे. "औषध म्हणजे खाणं नव्हे. उपासालाही चालतं." त्यांच्या ओठांच्या कडांना पांढरी रेघ असायची. खालच्या वर्गातली मुलं खडूने ओठ रंगवून त्यांची नक्कल करत. मी ती नक्कल एकदा बघितली आणि दुसऱ्या जिन्याने निघून गेले.

सांगलीत महापूर आला तेव्हा पाणी त्यांच्या घरात शिरलं. शेजारीपाजारी टीव्ही, गाद्या, तांदळाची पोती वर नेत होते. सरांनी आधी वर नेले ते घरी ठेवलेले कवचांचे खोके, मग मायक्रोस्कोप, मग काकू. हे काकूच सांगायच्या आणि हसायच्या. "माझा नंबर तिसरा. पण आला."

आणि एक ब्रश नेला. तो ब्रश त्यांना त्यांच्या गुरूंनी दिला होता. अगदी थोड्या केसांचा, दांडा हाताने झिजून गुळगुळीत झालेला. मायक्रोस्कोपखाली काळ्या तबकडीवर कवचं पसरलेली असतात, त्यांतलं एकच हवं ते ओल्या ब्रशच्या टोकाने उचलायचं. टोक सुईसारखं असलं पाहिजे. आम्ही मुली ते टिशूवर ओढून काढायचो. सरांना ते मान्य नव्हतं. त्यांची रीत गुरूंची: ब्रश पाण्यात बुडवायचा, दोन ओठांत धरायचा आणि हलकेच बाहेर ओढायचा. "कागदाने टोक येतं, धार येत नाही," ते म्हणायचे. मग एक कवच उचलायचे, दुसरं, तिसरं, जणू कुणी तांदळातले खडे वेचतंय. "ही तांबडी, वरच्या पाण्यातली, उन्हाला सोकावलेली. ही पिशवीवाली. या बाई, या, बसा इथे." जन्मभर त्यांनी कवचं ओळखण्याचं आणि मोजण्याचं काम केलं होतं. त्या कामात कोणाच्या ओठांचा काही अडसर नव्हता. रसायनाचं काम नंतर आलं, हात जुनेच राहिले.

आई पोळीला तेल लावते तेव्हा तिच्या हाताकडे कोण बघतं? मीही सरांच्या ओठांकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

धुतलेल्या नळ्यांची शेवटची तपासणी सर स्वतः करत. एवढं धुऊनही एखादा काळा ठिपका तुकड्यांत उरतो. तो त्यांच्याच डोळ्यांना दिसायचा. ते ब्रशने तो ठिपका बाजूला काढायचे, स्वच्छ तुकडे नव्या नळीत टाकायचे, आणि त्यानंतर ती नळी थेट यंत्राकडे जायची.

त्या फोननंतर मी दुप्पट धुवायला लागले. हात कोपरापर्यंत, मग पुन्हा. नखं मुळापर्यंत कापली. रात्री खोलीवर अंथरुणात पडून हातांचा वास घ्यायचे. आपल्या अंगातूनच काहीतरी घाण झिरपतेय अशी माझी खात्री होत चालली होती. तिसरी खेप गेली. समुद्र आणखी तापून परत आला.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. चिखल राहिला असता तर मॅग्नेशियमबरोबर ॲल्युमिनियम आलं असतं, तसं ते आलं होतं. पण लोहही यायला हवं होतं, आणि लोह वाढलंच नव्हतं. ही असली कसली माती? मला हे दिसत होतं, आणि मी ते कुणाला बोलले नाही. धुणं कच्चं असलेल्या मुलीने आकड्यांवर बोट ठेवायचं म्हणजे सबब सांगणंच झालं असतं.

त्या दिवसांत काकू मिरजेला दवाखान्यात होत्या. सर सकाळी दवाखान्यातून कराडला यायचे, संध्याकाळी कराडहून दवाखान्यात जायचे. जेवण कधी व्हायचं, कधी नाही. गोळ्या वाढल्या होत्या. एकदा मीही दुपारचा डबा न खाता काम करत राहिले आणि पोटात जळजळ सुरू झाली. सरांना चेहऱ्यावरून कळलं. "घे, पुदिना आहे," म्हणून त्यांनी गोळी पुढे केली. मी ती बाहेर जाऊन चघळली. जिभेवर खडूसारखं काहीतरी पसरलं. मग बेसिनवर तोंड धुवायला वाकले आणि आरशात माझ्या ओठांच्या कडांना पांढरी रेघ दिसली.

दहावीला रसायनात मला पैकीच्या पैकी होते. आम्लपित्तावरच्या औषधात काय असतं, हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि उत्तर मला झोपेतही येत होतं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. जोडीला ॲल्युमिनियमचं. लोह नाही.

नळ चालू राहिला. आक्का म्हणाल्या, "ताई, पानी वाया चाललंय," तरी मला तो बंद करायचं सुचेना. शंखजिऱ्याच्या एका गालापायी मला कॉरिडॉरमध्ये उभं करणारा माणूस स्वतःच्या ओठांनी समुद्र तापवत होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. मला आधी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. घरातल्या मोठ्या माणसाला नको त्या अवस्थेत बघावं तसं वाटलं.

खात्री करायला एवढंच करावं लागलं. मध्यंतरी सर तापाने घरी होते तेव्हा दोन नळ्यांची शेवटची तपासणी मी केली होती, टिशूवर टोक काढलेल्या ब्रशने. त्यांचे आकडे बघितले. त्या दोनच नळ्यांमध्ये समुद्र नेहमीसारखा होता.

त्या शनिवारी मी साताऱ्याला गेले आणि आईबाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यात काय? रिपोर्ट द्यायचा. सर, अमुक ठिकाणी तमुक झालं. संपलं." सैन्यात तसं संपत असेल. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "वडीलधाऱ्या माणसाला तोंड पूस म्हणायचं कसं, असंच ना? मलाही नसतं जमलं गं."

"आई, पण डबी संपत आली आहे."

तीच खरी गोष्ट होती. ज्या थरावर आमचं सगळं काम उभं होतं त्या थराचा चिखल आता एकाच छोट्या डबीत उरला होता. जहाज पुन्हा जाणार नव्हतं, गेलं तरी तो थर पुन्हा तसाच हाती येणार नव्हता. त्यातली कवचं वेचून, धुऊन, शेवटच्या नळ्या तयार व्हायच्या होत्या. त्यांच्यावर तो ब्रश फिरला की सरांचं शेवटचं काम आणि माझा प्रबंध, दोन्ही संपलं. आणि हे थांबवायचं तर सरांच्या हातून तो ब्रश काढून घ्यावा लागणार होता. तेही संपणंच होतं.

मी वाक्यं तयार केली. इंग्रजीत, कारण इंग्रजीत माणूस दिसत नाही. त्यात 'शक्यता', 'कदाचित', 'एक संभाव्य कारण' असले शब्द पेरले. बसमध्ये म्हणून बघितली, पाठ झाली. सोमवारी सरांसमोर उभी राहिले आणि विचारलं, "काकू कशा आहेत?" मंगळवारी तेवढंही विचारलं नाही.

बुधवारी पुण्याच्या मॅडम आल्या. धुणं कुठं चुकतंय ते प्रत्यक्ष बघायला. त्यांच्यासमोर मी शेवटच्या नळ्या पहिल्यापासून धुतल्या. त्या माझ्या कोपरामागे उभ्या राहून बघत होत्या, मधूनच "हं" म्हणत होत्या. हातमोजे कुठले, पाणी कुठलं, पेरॉक्साइड किती जुनं, सगळं विचारलं. माझा हात कुठे चुकला नाही. मॅडमना काही सापडलं नाही. त्या सरांना हळूच म्हणाल्या, "आपल्यासमोर नीट करते. एरवी कंटाळा करत असेल." त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

"ही कंटाळा करणारी नाही," सर म्हणाले. "हिच्या हाताची सालं निघालीत धुऊन धुऊन, बघा." आणि त्यांनी माझा हात धरून पुढे केला. मॅडमनी बघितला. आक्कांनी दारातून बघितला. मी तो मागे घेतला.

पुढचं आधी सांगून टाकते.

सर रागावले नाहीत. ते उठून कॉरिडॉरच्या टोकाच्या बेसिनवर गेले आणि बराच वेळ चुळा भरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ब्रश कागदात गुंडाळून माझ्यासमोर ठेवला. "तू ठेव." मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. ब्रश धुऊन, ॲसिडमध्ये बुडवून, पुन्हा धुऊन मी त्या शेवटच्या नळ्या तपासल्या, आणि समुद्र जिथे असायला हवा होता तिथे आला. पुढे सांगलीतल्या एका कॉलेजात त्यांचं व्याख्यान झालं तेव्हा त्यांनी भर सभेत स्वतःच सांगितलं, "समुद्र तापला नव्हता, माझं पोट तापलं होतं. या मुलीने पकडलं." सगळं सभागृह हसलं. पुढच्या रांगेत काकू बसल्या होत्या, दवाखान्यातून नुकत्याच आलेल्या. त्याही हसल्या. सरांनी मला उभं राहायला लावलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पायांकडे बघत उभी होते. टाळ्या इतक्या लांबू शकतात हे मला माहीत नव्हतं.

टिशूवर टोक काढायचं त्यांनी मनापासून शिकायचा प्रयत्न केला. नाही जमलं. कवचं ब्रशवरून उडून जायची, तबकडीच्या बाहेर पडायची. "बाई रुसल्या," ते म्हणायचे. मग त्यांनी उचलणं सोडलं. आता ते माझ्या शेजारी स्टुलावर बसतात, माझं झालं की भिंगातून बघतात आणि ही कोण, ती कोण ते सांगतात. हात मांडीवर असतात. त्या हातांकडे मला बघवत नाही. मी जे बोलले ते खोटं नव्हतं, त्यावाचून गत्यंतरही नव्हतं. पण त्यांना ते एकांतात सांगायला माझ्यापाशी सोमवार होता, मंगळवार होता.

बुधवारी दुपारी मॅडम मायक्रोस्कोपच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या, मी उजव्या. शेवटच्या नळीतले तुकडे तबकडीत पसरलेले होते, साखरेच्या दाण्यांसारखे चमकत. सरांनी खिशातली गोळी तोंडात टाकली. मॅडमना म्हणाले, "आता बघा, हे काम मात्र मी कुणाला देत नाही." त्यांना ते दाखवायचं होतं. चेहरा उजळला होता, कितीतरी दिवसांनी. त्यांनी ब्रश उचलला, पाण्यात बुडवला.

मी माझं पाठ केलेलं इंग्रजी वाक्य मनात पुन्हा जुळवायला लागले. सरांनी ब्रश ओठांत धरला, हलकेच ओढला, उजेडात टोक बघितलं आणि खुश होऊन मान हलवली. टोक तबकडीकडे निघालं. मी त्यांचं मनगट धरलं. आजवर मी सरांना नमस्कारापलीकडे कधी हात लावला नव्हता. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. सरही बघायला लागले, काहीच न कळून, ओठांच्या कडांना पांढरी रेघ. आणि मी म्हटलं, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने:

"सर, तो ब्रश उष्टा आहे."